राजीनाम्याचे पोहे

एका शब्दाचा अर्थ मला फार चांगला माहीत होता, म्हणून शाळेसमोरची तीन करंजाची झाडं गेली. कुऱ्हाड मी चालवली नाही. मी फक्त पोहे केले. पण आमच्या गल्लीतल्या जुन्या बायका ही गोष्ट अजूनही पोह्यांपासूनच सुरू करतात, आणि दरवेळी पोह्यांत काहीतरी वाढवतात. परवा एकीनं नातीला सांगितलं की मी त्या दिवशी जिलबीही वाटली होती. जिलबी नव्हती. तेव्हा आता मीच सांगते.

मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते आणि अक्कल कुठेतरी विशीत विसरून आले होते. राज्य नवं होतं. दुकानांच्या पाट्यांवर मध्य प्रदेश पुसून छत्तीसगढ लिहिलेला रंग अजून उन्हानं उडाला नव्हता. आम्ही मूळ भंडाऱ्याकडचे. सासऱ्यांनी धानाची शेती भावावर सोडून भिलाईत प्लांटची नोकरी धरली, मग ह्यांनी धरली, आणि मी लग्न होऊन सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये आले ती एक मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि शुद्ध मराठीचा गर्व घेऊन. सर्टिफिकेटला पुढे वाळवी लागली. गर्वाला काही लागलं नाही.

गल्लीत कुणाचा कागद अडला की तो माझ्या दारात येई. मतदार यादीत सुनेचं नाव घालायचं, वारलेल्या सासूचं काढायचं, क्वार्टर बदललं तर पत्ता बदलायचा. मी चष्मा पुसायची, पेन झटकायची, आलेल्या बाईला पाच मिनिटं उगाच ताटकळत ठेवायची आणि मग मोत्यासारख्या अक्षरात लिहायची. फॉर्म हिंदीत असायचा. एकदा एका बाईच्या नावात मी आपला मराठी ळ घालून दिला, आणि वोटिंगच्या दिवशी ती बिचारी यादीत सापडेचना. मी तिला म्हटलं, यादी चुकली असेल. ह्या लोकांना ळ येत नाही, त्याला मी काय करणार?

मग समोरचं क्वार्टर एका नव्या बाईच्या नवऱ्याला मिळालं.

ती दुर्गची. म्हणजे मराठीच, पण चार पिढ्या दुर्गात राहिलेल्या घरातली. ‘मी बाजार गेली होती’, ‘मला समझलं नाही’ असं तिचं मराठी ऐकलं की माझे दात आंबायचे. पण फॉर्म भरायची ती उभ्या उभ्या, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून, दोन मिनिटांत. ताटकळत ठेवणं नाही, चष्मा पुसणं नाही. आणि ळ तर नाहीच. माझ्या हातून यादीतून हरवलेल्या बाईचं नाव तिनं महिन्याभरात शोधून काढलं. त्या बाईनं ते मला आनंदानं येऊन सांगितलं, हे विशेष.

त्यानंतर चपला समोरच्या दारात दिसू लागल्या. मी पडद्याआडून मोजायची. तिच्या दारात सात जोड. माझ्या दारात दोन, त्यातला एक माझा आणि एक ह्यांचा.

‘कावून मोजून राहिली तू?’ हे म्हणाले. ‘विकाच्या आहेत का?’

‘मी कशाले मोजू? नजर गेली म्हणून पाहिलं.’

‘मग नजरेले सांग, परत ये म्हना. भाजी करपून राहिली.’

आमच्या गल्लीच्या टोकाला शाळा आहे. तिच्या भिंतीला लागून करंजाची नऊ झाडं होती, कुणी लावली ते कुणालाच आठवत नव्हतं. दर निवडणुकीला याच शाळेत वोट पडतात आणि बायकांची रांग या झाडांखाली लागते. ज्यांनी भिलाईचा उन्हाळा पाहिला नाही त्यांना करंजाची सावली म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. वर ऊन तापतं, पलीकडे प्लांटची भट्टी तापते, आणि उन्हाळा दर साली थोडा अलीकडे सरकतो. आमचे हे भट्टीसमोर पंचवीस वर्षं उभे राहिलेले, पण रांगेत उभं राहायचं तर तेही आधी झाड बघायचे.

त्या वर्षी रस्ता रुंद करून मोठी नाली काढायचं ठरलं. ठेकेदाराच्या माणसांनी येऊन नऊच्या नऊ झाडांवर चुन्याच्या फुल्या मारल्या. सकाळी नळावर सगळ्या बायका हळहळत होत्या आणि मी माझ्या स्वभावानुसार चावटपणा करत होते. मी म्हटलं, ‘तोडा खुशाल. मग पुढच्या उन्हाळ्यात वोट द्याले छत्री घेऊन या, अन् त्या छत्रीवर कोनाचं निशाण आहे त्यावरून भांडा.’ सगळ्या हसल्या. तीही हसली. हसून झाल्यावर मात्र तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती कोर्टात द्यायचा अर्ज लिहूनच आली. त्यात दोन नंबरचा मुद्दा असा होता की ही शाळा मतदान केंद्र आहे, भर उन्हाळ्यात म्हाताऱ्या आणि गरोदर बायका इथे रांगेत उभ्या राहतात, सावली गेली तर त्या घरी बसतील. वोट द्यायचा हक्क आहे तर उभं राहायची जागाही हवी. वकिलानं म्हणे त्या मुद्द्याखाली रेघ ओढली. चावटपणा माझा आणि मुद्दा तिचा. मला इतका राग आला की सही करताना मी पेनाचं टोक कागदातून आरपार घातलं. अकरा जणींनी सह्या केल्या. पहिली तिची, दुसरी माझी. दुसरी.

त्यातून पेपरवाला आला. झाडाखाली आम्हा सगळ्यांचा फोटो काढला. छापून आला तेव्हा मधोमध ती, हातात फाइल, आणि उजव्या कडेला एक कोपर. मी ते बांगडीवरून ओळखलं. माझंच होतं. ह्यांनी चष्मा लावून, पेपर जवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाले, ‘कोपर मस्त आलं वं.’

त्या दिवसापासून कोर्टाची तारीख, जिला इकडे पेशी म्हणतात, ती आली की माझी पाठ दुखायची. पहिल्या पेशीला सहा जणी गेल्या, दुसरीला तीन, पुढे ती एकटीच स्कूटरवरून दुर्गला जाऊ लागली. पुढच्या पेशीपर्यंत झाडाला हात लावायचा नाही एवढा हुकूम तिनं आणला होता. तो आणल्याचं गल्लीभर कौतुक झालं. मी पाठीला बाम लावून पडले होते.

पौषातल्या एका गुरुवारी सकाळी ती माझ्या फाटकाशी आली. स्कूटर चालूच, तोंडाला ओढणी गुंडाळलेली.

‘ताई, आई दवाखान्यात आहे. मी माहेरी बोरसीला जाऊन राहिली, दोन दिवस तिकडेच. एक काम करा ना माझं.’

‘बोला ना, वहिनी.’

‘शनिवारी राजीनामा आहे. दहा वाजता. सगळ्या बायांना सांगून द्या, एक पण सुटली नाही पाहिजे. सगळ्यांच्या समोर व्हायला हवं ते.’

‘राजीनामा?’

‘हो ना. किती चकरा मारायच्या? खूप झालं आता, संपवून टाकू.’ आणि ती गेलीही.

मी फाटक धरून उभी राहिले. मला वाटलं होतं तिचा माज एक दिवस उतरेल, पण तो असा स्कूटरवर बसून माझ्याच दाराशी येऊन उतरेल असं नव्हतं वाटलं. राजीनामा. ती सोडतेय. बायकांचं पुढारीपण सोडतेय, आणि सगळ्यांच्या समोर सोडायचं एवढी तरी लाज आहे तिला. आणि हे सांगायचं काम कुणाला दिलं? मला. म्हणजे पुढे कोण, ते तिनंच ठरवून टाकलं होतं. माझ्या पाठीचं दुखणं तिथल्या तिथे थांबलं.

ह्यांना मी काही सांगितलं नाही. त्यांना सांगितलं की आनंदातली हवा जाते.

शुक्रवारी मी घरोघरी फिरले. गल्लीत तेलुगू, बिहारी, छत्तीसगढी, सगळ्या. राजीनामा हा आपला भारदस्त शब्द, या बायकांना कसा कळणार, म्हणून मी प्रत्येकीला हिंदीत भाषांतर करून सांगितलं, की ‘वो इस्तीफा दे रही है.’ फार चोख भाषांतर झालं असं मला वाटलं. शेवटच्या क्वार्टरमधली छत्तीसगढी बाई तांदूळ निवडता निवडता थांबली.

‘इस्तीफा? वो काहे देगी? परसों तो बड़ी खुश थी.’

‘खुशी में ही देते हैं,’ मी म्हटलं. ‘बोझ उतर जाता है.’

बैठक कुठे, ते तिनं सांगितलं नव्हतं. तिच्या दाराला तर कुलूप. मग माझ्याच व्हरांड्यात, दुसरं कुठे? आणि बैठक म्हटलं की पोहे आले, वर चण्याची तर्री, आमच्या भंडाऱ्याकडची.

शनिवारी दहाच्या आत सगळ्या आल्या. मी दोनदा कारण नसताना आत जाऊन बाहेर आले, नुसत्या चपला पाहायला. माझा सोडून नऊ जोड, माझ्या दारात. समोरच्या दारात एक वाळकं पान पडलं होतं.

साडेदहा झाले. ती आली नाही. अकरा झाले. मी म्हटलं, तोंड दाखवायला संकोच वाटत असेल, आपण समजून घेऊ. मग मी उभी राहून भाषण केलं. ती अनुभवानं कमी पडली, भाषेनं कमी पडली, पण तिचे आपण आभार मानू या, वगैरे. शेवटी म्हटलं, ‘आप सब कह रहे हो तो मैं जिम्मेदारी ले लेती हूँ.’ कोणी काही कह रहे नव्हतं. तेलुगू बाई पोह्यातले शेंगदाणे वेचून आधी खात होती. पण कोणी नाहीही म्हणालं नाही, आणि मी तेवढ्यावर निवडून आले.

दीड वाजता फाटकाशी स्कूटर थांबली. ती तशीच आत आली, हातात फाइल, पायांवर घोट्यापर्यंत धूळ. व्हरांड्यात बसलेल्या सगळ्यांकडे तिनं पाहिलं. ताटल्यांकडे पाहिलं.

‘तुम्ही सगळ्या इथे आहात?’

शेवटच्या क्वार्टरची म्हणाली, ‘आप ही का तो रास्ता देख रहे हैं. दीदी ने कहा, आप इस्तीफा देने वाली हो.’

ती माझ्याकडे वळली. ‘मी राजीनामा म्हटलं होतं, ताई.’

‘मग तेच ना. राजीनामा म्हणजे इस्तीफा.’

‘राजीनामा म्हणजे राजीनामा,’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही. ‘कोर्टातला. दोन्ही पार्ट्या राजी होतात आणि साइन करतात तो. समझौता.’

राजी. शब्दाच्या अगदी तोंडाशीच तो अर्थ बसलेला होता, आणि मी आयुष्यभर शब्दाच्या दुसऱ्या दारानं आत-बाहेर करत होते. आपल्या मराठीत माणूस राजीनामा देतो आणि निघून जातो. इकडच्या कोर्टात दोन माणसं राजीनामा करतात आणि एका टेबलाशी बसतात. तिनं राजीनामा देते असं म्हटलंच नव्हतं. राजीनामा आहे म्हणाली होती. मी ते ‘देते’ माझ्या पदरचं घातलं होतं.

मग तिनं काय झालं ते सांगितलं, हिंदीत, सगळ्यांना कळावं म्हणून. लोक अदालत होती. ठेकेदाराचा माणूस नाली पलीकडच्या बाजूनं न्यायला कबूल झाला होता, नऊही झाडं राहत होती. त्यांची अट एकच, अर्ज करणाऱ्या सगळ्या हजर हव्यात, सह्या हव्यात. आणि झाडांना हात न लावण्याचा हुकूम आजपुरताच होता. दहा वाजले, अकरा वाजले, ती दाराकडे पाहत बसली. अकरातली एक आलेली पाहून त्यांचा वकील म्हणाला की मोहल्ल्याला सावली नकोच आहे, या एकाच बाईला हवी आहे. कबूल केलेलं त्यांनी परत घेतलं. पुढची तारीख मागावी तर तोवर करवत चालली असती. ती एकटी एक वाजेपर्यंत भांडली आणि एकटीच्या सहीवर सहा झाडं घेऊन आली. शाळेच्या फाटकाजवळची तीन गेली.

एकेकीनं आपली ताटली खाली ठेवली. एखादीनं शिवी दिली असती तर मी उत्तर तरी दिलं असतं. मी आपलं तिच्या पायांवरच्या धुळीकडे पाहत होते. आणि आता वय झालं, खोटं कशाला सांगू, त्या क्षणीही मला तिचा हेवाच वाटत होता. झाडं गेल्याचं दुःख नंतर आलं. आधी आलं ते हे, की ती एकटी भांडून सहा झाडं घेऊन आली, आणि मी अख्खी गल्ली घेऊन पोहे खात बसले.

‘पोहे उरले का?’ तिनं विचारलं. ‘सकाळपासून काही खाल्लं नाही मी.’

मी ताटली दिली. तिनं पायरीवर बसून सगळे खाल्ले. ताटली परत देताना म्हणाली, ‘मीठ कमी आहे.’

हे फर्स्ट शिफ्ट करून अडीचला आले तेव्हा चपला गेलेल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी सायकल भिंतीला लावली, हात-पाय धुतले, टॉवेलनं पुसले आणि मग म्हणाले, ‘आमच्या युनियनचा अन् साहेब लोकायचा महिन्यातून दोनदा राजीनामा होते. मले विचारलं असतं त सांगितलं असतं.’

‘मले वाटलं मले माहीत आहे.’

‘तेच त भेव वाटते तुह्यं,’ हे म्हणाले.

फाल्गुनात करवत आली. तीन झाडं पाडायला एक सकाळ पुरली. मी त्या दिवशी दारं-खिडक्या लावून घेतल्या, तरी करंजाच्या ओल्या लाकडाचा वास आत आलाच. संध्याकाळी मी कागद-पेन घेतलं आणि तिला राजीनामा लिहिला. माझ्या अर्थाचा. शुद्ध मराठीत. ‘मी बायकांच्या मंडळातून आणि सर्व सार्वजनिक कामांतून स्वखुशीने निवृत्त होत आहे, कृपया स्वीकार व्हावा.’ माफी असा शब्द त्यात कुठेच नव्हता. तो मला कुठल्याच भाषेत लिहिता आला नाही. कागद तिच्या दाराखालून सरकवला आणि पळत रस्ता ओलांडला, या वयात.

उत्तर आलं नाही. पुढचे दोन महिने ती माझ्याशी बोलायची, पण नळाचं पाणी आणि गॅसची गाडी एवढंच. तिच्या दारात फॉर्म घेऊन येणाऱ्यांच्या चपला मात्र वाढल्या, कारण निवडणूक आली होती.

वैशाखातलं वोटिंग. मी नऊ वाजता गेले तर बायकांची रांग सहा झाडांखालून मागे वळली होती, आणि फाटकाजवळ, जिथे ती तीन झाडं नव्हती, तिथे ऊन होतं. म्हणजे तासभर सावलीत उभं राहायचं आणि जिचा नंबर अगदी जवळ आला तिनं भाजून निघायचं. पुढच्या बायका ते उन्हाचं तोंड पाहून थबकत होत्या. एक म्हातारी तिथूनच परत फिरायला निघाली.

तेवढ्यात समोरची दिसली. ती वोट देऊन मोकळी झाली होती, आणि तिच्या हातात एक मोठी काळी छत्री होती. तिनं त्या म्हातारीचा दंड धरला, छत्री धरून तिला फाटकापर्यंत नेलं, पायरीशी सोडलं आणि परत आली. मग दुसरी. मग तिसरी, कुणाचीतरी पोटुशी सून. दारावरच्या शिपायानं छत्री मागून घेतली, उघडून, गोल फिरवून नीट पाहिली. तिच्यावर कुणाचंच निशाण नव्हतं. त्यानं परत दिली.

छत्री. माझी छत्री होती ती. नळावर मीच म्हटलं होतं. मला ती आणायचं सुचलं नाही आणि तिला सुचलं, आणि हे इतकं लागलं की त्या उन्हाआधीच माझं डोकं तापलं. आजही तिच्या हातात साधी भाजीची पिशवी दिसली तरी वाटतं, ही आपल्याला का नाही सुचली.

माझा नंबर आला. ती छत्री घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

‘असू द्या, वहिनी,’ मी म्हटलं. ‘मले नाही लागत ऊन.’ आणि पाय उचलला.

ती तरीही बाजूनं चालत आली. छत्रीचा अर्धा भाग माझ्या डोक्यावर, अर्धा तिच्या. करंजाच्या कापलेल्या खोडाजवळ आम्ही थांबलो, कारण पुढची बाई अजून आत जात होती. माझ्याकडे न पाहता, पुढच्या बाईच्या पाठीकडे पाहत ती म्हणाली:

‘तुमचा राजीनामा मिळाला होता मला, ताई. पण राजीनाम्यावर दोघींच्या सह्या लागतात. माझी बाकी आहे अजून.’